ठिपक्यांची हजेरी

दोनदाताई हे नाव तिला पोरांनी ठेवलं होतं, आणि पोरांनी ठेवलेली नावं धुतली तरी जात नाहीत. हजेरी घेताना ती प्रत्येक नाव दोनदा घ्यायची. एकदा रजिस्टरात बघून. उत्तर आलं नाही तर मान वर करून, दाराकडे बघून, पुन्हा एकदा. दोन हाकांच्या मधे जिन्यावर कुणाच्या चपला वाजल्या तर पेन तसंच हवेत धरून थांबायची. साठ पोरं. असं थांबत बसलं तर पाव तास नुसत्या हजेरीतच जायचा. संगणकाचे सर, म्हणजे केंद्रातला तिचा एकुलता एक सहकारी, पार वैतागायचे.

"ताई, आला तर आला, नाही तर नाही. त्यात एवढं काय?"

त्यात काय होतं ते तिने सरांना कधी सांगितलं नाही. ते असं. ताई सातवीत असताना तिची आई अंथरुणाला खिळली. घरात दोन धाकटी भावंडं, बाप दिवसभर कामावर. मग पोरीने घरी राहायचं हे कुणी ठरवलंही नाही, ते ठरलेलंच होतं. चाळीस दिवस ती घरी राहिली. आई उठून बसायला लागली तशी ही दप्तर घेऊन शाळेत गेली, आपल्या जागेवर बसली, आणि गुरुजी नावं घ्यायला लागले तेव्हा हात अर्धा उचलून तयार राहिली. तिच्या आधीचं नाव आलं. मग तिच्या नंतरचं आलं. हात तसाच अर्धा वर. गुरुजींनी रजिस्टर मिटलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझं नाव कमी केलंय. घरच्यांना घेऊन ये." घरचे म्हणजे बाप. तो म्हणाला, "बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला." झालं. शाळा संपली. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. नुसतं नाव घेतलं नाही.

त्यानंतर बत्तीस वर्षं ती एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात कागदाच्या घड्या घालत होती. लग्न झालं, नवरा गेला, मुलगा मोठा होऊन लांबच्या गावी नोकरीला लागला आणि फोनपुरता उरला. मधे कधीतरी बाहेरून बसून ती दहावी पास झाली, पस्तिसाव्या वर्षी, आणि निकाल बघायला एकटीच गेली. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने कामगारांना सांगितलं, ज्याला जे उचलता येईल ते घेऊन जा. कुणी पत्रे नेले, कुणी कपाटं. हिने काय न्यावं? कागद कापायचं यंत्र. लांब दांड्याचं, बिडाचं, दोन माणसांना उचलायला जड. घरी ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने ते हातगाडीवर घालून सायकलच्या दुकानावरच्या केंद्रात आणलं आणि विचारलं, "हे ठेवून घेता का? आणि मला पण?"

असं ते झालं. आधी झाडायला, मग पाणी भरायला, मग अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर लिहायला, आणि तीन वर्षांत केंद्र म्हणजे ताई असंच होऊन बसलं.

केंद्र म्हणजे काय, तर दोन खोल्या. खाली सायकलींचं पंक्चर काढायचे, त्याच्या सोल्युशनचा वास वर दिवसभर. पहिल्या खोलीत चटया आणि एक लांब टेबल. दुसरीत अकरा संगणक, पैकी सात चालायचे आणि चार त्यांच्या मर्जीने. सकाळी बायकांना सही शिकवायची, दुपारी शिवणाची चार मशीनं, संध्याकाळी पाच ते आठ पोरांचा अभ्यास, शनिवारी कुणाचे कसले फॉर्म असतील ते भरून द्यायचे. कापायच्या यंत्रावर ताई एका बाजूने कोऱ्या असलेल्या रद्दी कागदांच्या वह्या करायची. त्या वस्तीत कितीतरी पोरं त्याच वह्यांवर दहावी झाली. पलीकडच्या पानावर कुठल्याशा कंपनीची जुनी पत्रकं, अलीकडे पोराचं गणित.

आता या केंद्राला पैसा पुरवणारी संस्था होती, तिचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथले मोठे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांनाही वर कुणीतरी होतं. त्यांचा नियम एकच: महिन्यात गैरहजेरीच्या सहापेक्षा जास्त फुल्या पडल्या की त्या पोराचं नाव कमी, आणि वाट बघणाऱ्यांच्या यादीतलं पुढचं नाव आत. यादीत चाळीस पोरं. नियम कागदावर बघितला तर चोख आहे. बसायला जागा थोडी, मग जो येत नाही त्याने ती का अडवावी?

पण जो येत नाही तो का येत नाही, हे साहेबांना कोण सांगणार. पोरं काही नदीवर पोहायला जात नव्हती. एखाद्याचा बाप आजारी पडला की ते पोर दोन महिने मालाच्या गोण्या मोजायला जायचं. एखादीची आई बाळंत झाली की ती घरची आई व्हायची. आणि ही पोरं परत यायची. उशिरा, थकलेली, पण यायची. तेव्हा नाव नसलं तर? ताईला तो अर्धा उचललेला हात दिसायचा.

म्हणून तिने तिची पद्धत काढली. जो कामापायी आला नाही, त्याच्या नावापुढे बरोबरची खूण. आणि खुणेच्या खाली, पेनाच्या टोकाने, एक बारीक ठिपका. ठिपका म्हणजे हा धडा या पोराला द्यायचा राहिला. रविवारी सकाळी ती केंद्र उघडायची आणि ठिपकेवाल्यांना बोलवायची. आठवड्यात जितके ठिपके तितके धडे, बाराबारा वाजेपर्यंत. म्हणजे बघा, खोटं बोलायची पण खोट्याची भरपाई करायची. तिच्या मते हिशेब फिटत होता. सरांना ठिपके माहीत होते. ते हसायचे, "ताई, तुमच्या रजिस्टरला गोवर आलाय." महिन्याच्या शेवटी सर त्या रजिस्टरावरून संगणकावर पत्रक करायचे, नुसत्या खुणा आणि फुल्या. ते एक साहेबांना जायचं आणि एक खाली जिन्याशी फळ्यावर लागायचं, पालकांनी बघावं म्हणून. ठिपके त्यात यायचे नाहीत. ते फक्त रजिस्टरात.

सगळ्यात जास्त ठिपके भिंगरीचे.

भिंगरी पंधरा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं बसली तर ताप आलाय का बघावं लागायचं, म्हणून भिंगरी. अक्षर मात्र असं, की छापल्यासारखं. ताईने बत्तीस वर्षं छापलेला कागद हाताळला होता, तिला अक्षरातलं कळायचं. "तुझा हात चांगला आहे गं," असं ती भिंगरीला वरचेवर म्हणायची, आणि पोरगी जीभ काढून दाखवायची. बाप नव्हता. आई तीन इमारतींचे जिने पुसायची, पहाटे निघायची ती रात्रीच. पोरगी सकाळी शाळेत, दुपारपासून खोक्यांच्या कारखान्यात. पुठ्ठ्याची खोकी, त्यांना भोकं पाडायचं आणि घडीच्या रेषा उमटवायचं यंत्र. आठ महिने ती तिथे जात होती. कामाचं ठरलं होतं पाचपर्यंत, पण पाच वाजले की मुकादम म्हणायचा, एवढी चळत संपव. ती संपली की दुसरी. आठ वाजायचे. आठ महिन्यांत भिंगरी संध्याकाळच्या वर्गाला आठवड्यातून दोनदा आली तर खूप. बाकीचे ठिपके. आणि रविवारी न चुकता हजर, सगळ्यांच्या आधी, पायरीवर बसलेली. दहावीची परीक्षा चार महिन्यांवर होती आणि ती पास होणार होती. ताईने ते मनात पक्कं धरलं होतं. तिचं स्वतःचं जे राहिलं, ते हिच्या रूपाने होईल, असलं काहीतरी. माणूस म्हातारपणाकडे झुकला की असले खुळचट हिशेब मांडतो.

भिंगरीच्या आईला ती फार ओळखत नव्हती. बाई यायची कधी? आली तर फळ्यापाशी, धावतपळत. एकदोनदा जिन्यावरून ताईने हात केला होता, तिनेही केला होता. आई पोरीला कामाला पाठवते, म्हणजे तिला सगळं ठाऊक असणारच, असं ताईने गृहीत धरलं. विचारलं कधीच नाही. विचारून त्या बाईला शरमेत का टाका.

मग तो मंगळवार. ताईने पाच वाजता हजेरी मांडली. भिंगरीचं नाव दोनदा घेतलं, दाराकडे पाहिलं, खूण केली, खाली ठिपका. पावणेसातला भिंगरीचा उजवा हात यंत्रात गेला.

कारखान्यातल्या कुणीतरी तिला रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी उतरवून दिलं. आत कोणी गेलंच नाही. मुकादमाने आईला गाठलं आणि सांगितलं, "दारात हात सापडला म्हणा. लहान पोर कामाला पाठवली म्हणून तुम्हालाच आत टाकतील." तिने तसं सांगितलं. दवाखान्याच्या कागदावर तेच उतरलं.

हात वाचला. बोटंही राहिली, पण मधली तीन वळून बसली. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन सहा आठवड्यांच्या आत झालं तर बोटं सरळ होतील, पेन धरता येईल. सहा आठवड्यांनंतर आतले धागे आखडतात, मग कुणाच्या हातात काही नाही. तिथे फुकट होणाऱ्यांची रांग आठ महिन्यांची. बाहेर करायचं तर जिने पुसणाऱ्या बाईने तीन जन्म पुसले तरी जमणार नाही. एकच वाट होती. हात कामावर असताना यंत्रात गेला असं सिद्ध झालं तर ऑपरेशन कारखान्याला करावं लागणार होतं. ताईनेच आईला धीर दिला, अर्ज लिहिला, कामगार खात्याच्या कचेरीत नेऊन दिला. दोन आठवडे ती केंद्र आणि दवाखाना अशा येरझाऱ्या घालत होती. पोरगी खाटेवर शांत पडून असायची. भिंगरी शांत, हे बघवत नव्हतं.

या धावपळीत महिना संपला. सरांनी नेहमीप्रमाणे पत्रक काढलं, फळ्यावर लावलं. भिंगरीचे दवाखान्यातले दिवस त्यात कोरेच होते. त्या मंगळवारची खूण खोडायचं भान कुणाला होतं? ताईला नव्हतं. ती नंतर स्वतःला यासाठी खूप बोलली, पण खरं सांगायचं तर एक खूण खोडून काही होणार नव्हतं. मुकादम येऊन फळ्याचा फोटो काढून गेला. मागच्या महिन्यांची पत्रकंही फळ्यावर एकाखाली एक टाचलेली होती, त्यांचेही काढून गेला. खालच्या पंक्चरवाल्याने बघितलं आणि त्याला वाटलं, कुणाचा तरी पालक असेल.

कारखान्याने कचेरीला उत्तर दिलं. ही मुलगी आमच्याकडे कधीच कामाला नव्हती. आठ महिने रोज संध्याकाळी पाच ते आठ ती अभ्यासकेंद्रात हजर होती, सोबत पत्रकं. अपघात म्हणतात त्या वेळीही ती केंद्रातच हजर होती. त्या केंद्रात कागद कापायचं लोखंडी यंत्र आहे, त्याची चौकशी व्हावी.

उत्तराची प्रत साहेबांकडेही गेली. त्यांनी ती वाचली आणि ताईला बोलावून घेतलं. चहा मागवला. साहेब चहा मागवतात म्हणजे बातमी वाईट, हे ताईला तीन वर्षांत कळलं होतं.

"ताई, सांगा, त्या मंगळवारी चुकून खूण पडली. माणूस आहे, हात चुकतो. एवढंच. पुढे एक अक्षर नाही."

"पण साहेब, ते म्हणतात ती कधीच कामाला नव्हती. एका दिवसाने काय होणार? आठ महिने ती तिथे होती हे दाखवायला हवं."

"ते त्यांनी दाखवावं. कारखान्यातल्या बायकांनी सांगावं."

"त्या कशाला सांगतील? त्यांना उद्या कामावर जायचंय."

साहेबांनी कप बशीवर ठेवला. "आठ महिन्यांचं रजिस्टर खोटं असं तुम्ही सरकारी कचेरीत म्हणालात, तर मला केंद्र चालू ठेवता येणार नाही. मी धमकी नाही देत. मला खरंच येणार नाही. साठ पोरं आहेत ताई."

ताई चालत परत आली. तिला माहीत होतं साहेब खरं बोलत होते. एकीकडे साठ पोरं आणि एकीकडे तीन बोटं. असं मांडलं की उत्तर सोपं वाटतं, आणि ज्यांना ते सोपं वाटतं त्यांचा मला राग येतो. ताईने रजिस्टर उघडलं आणि भिंगरीच्या ओळीवरून बोट फिरवलं. ठिपका, ठिपका, ठिपका. प्रत्येक ठिपका म्हणजे पोरगी कारखान्यात होती. याहून मोठा पुरावा कुठे असणार, असं तिला वाटलं. साठ पोरांसाठी साहेब आहेत, सर आहेत, वस्ती आहे. या पोरीसाठी हे ठिपके सोडून काही नाही. तिचा निर्णय झाला आणि तिला जरा बरंसुद्धा वाटलं.

चौकशीच्या वेळी पाचवा आठवडा चालू होता. कचेरीतल्या अधिकारी बाई थकलेल्या होत्या, पण कान देऊन ऐकणाऱ्या. एका बाजूला कारखान्याचा वकील. दुसऱ्या बाजूला भिंगरीची आई, भिंतीला चिकटून. ताईने रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. नियम, फुली, खूण, ठिपका, रविवार. आठ महिन्यांत ही मुलगी संध्याकाळी आली ते दिवस सांगितले, नाही आली ते सांगितले. भिंगरीची आई एकटक तिच्याकडे बघत होती. ताईला वाटलं, बाई कृतज्ञतेने बघतेय.

"म्हणजे ही खूण खोटी," अधिकारी बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि ठिपका खरा."

"हो."

"ठिपक्याचा अर्थ कुठे लिहून ठेवलाय?"

"लिहून नाही ठेवला. मला माहीत होता."

"आणखी कुणाला?"

ताईने सरांचं नाव सांगितलं. सर बाहेर बाकावरच होते, त्यांना आत बोलावलं. सरांची मुलगी तेव्हा चार महिन्यांची, आणि साहेबांनी त्यांना दुसऱ्या केंद्रावर घ्यायचं कबूल केलं होतं. सरांनी टेबलावरच्या काचेकडे बघितलं आणि म्हणाले, "ठिपके असतील. मी तिकडे कधी लक्ष दिलं नाही. मी खुणा बघून पत्रक करायचो." एवढं बोलून त्यांनी हात झटकले. गोवर आलाय म्हणणारा हाच माणूस. ताईला राग यायला हवा होता, पण तिला फक्त त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या.

वकील उठलेसुद्धा नाहीत. बसूनच म्हणाले, "ठिपके काल रात्री घातले नाहीत कशावरून? आणि यंत्राचं काय? ते कुणाचं आहे?"

"माझं," ताई म्हणाली.

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "ताई, तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण खूणही तुमच्या हातची, ठिपकाही तुमच्या हातचा. एक खोटं म्हणून तुम्हीच सांगता. मग दुसरं मी कशाच्या जोरावर खरं धरू? दवाखान्याच्या कागदावर दार लिहिलंय. माझ्यापुढे दुसरं काहीच नाही."

रजिस्टर त्यांनी ठेवून घेतलं. निकाल नऊ दिवसांनी आला: सिद्ध होत नाही. त्याच्या आधीच साहेबांचं पत्र आलं होतं. केंद्र महिनाअखेर बंद, आणि ताईंनी किल्ल्या जमा कराव्यात.

वस्तीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका वर चढून आल्या. कालपर्यंत ताई ताई करणाऱ्या. "एका पोरीपायी आमच्या सगळ्या पोरांचं वाटोळं केलंत." "खरं बोलायची एवढी हौस होती तर आधी बोलायचं." सगळ्यात जास्त तोंड कुणी सोडलं असेल, तर जिच्या पोराचे ठिपके भिंगरीच्या खालोखाल होते तिने. त्या बरोबरच बोलत होत्या. नियम पाळला असता तर दहाबारा नावं कमी झाली असती, आणि बाकीची पन्नास आजही चटईवर बसली असती. हे ताईला आधी का दिसलं नाही? दिसलं असतं तरी तिने नावं कापली असती का? नसती कापली. तिच्याने झालंच नसतं. माणूस एका ठिकाणी जो मोडतो, तो तिथेच मोडका राहतो, आणि त्याला आपण स्वभाव म्हणतो.

महिन्याचा शेवटचा दिवस. संगणक नेले होते, शिवणाची मशीनं नेली होती. भिंतीवर त्यांच्या मागची धूळ चौकोनी उरलेली. कापायचं यंत्र तेवढं कोपऱ्यात होतं. ते न्यायला कुणी तयार नव्हतं, सगळे त्याच्याकडे असे बघायचे जणू त्यानेच हात खाल्ला. पाच वाजता जिन्यावर चपला वाजल्या आणि ताईने सवयीने मान वर केली.

भिंगरी आणि तिची आई. पोरीच्या हातावर आता पट्टी नव्हती. सातवा आठवडा चालू होता. तीन बोटं तळव्याकडे वळलेली, नाणं मुठीत धरल्यासारखी. डाव्या हातात ताईने केलेली वही. ती टेबलाशी बसली, वही उघडली, डाव्या हाताने लिहायला लागली. ताईने डोकावून पाहिलं. ओळ खाली घसरत चालली होती, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. पहिलीतल्या पोराचंही अक्षर याहून बरं असतं. ताईने बघून न बघितल्यासारखं केलं.

"बसा ना, भिंगरीच्या आई," ती म्हणाली. "चहा तरी..." आणि तिला आठवलं, स्टोव्हसुद्धा नेलाय.

आई बसली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली. चौकशीच्या दिवसापासून ती ताईशी एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली, आणि अगदी सावकाश, जिना पुसताना एकेक पायरी घ्यावी तशी.

"ताई, तुम्ही तिथे सांगितलं ना, ही संध्याकाळी येतच नव्हती म्हणून. मला तिथे कळलं ते."

ताईला आधी समजलंच नाही. "म्हणजे?"

"मी पाचपर्यंत पाठवायची हिला. पाच वाजले की सुटायचं आणि इथे यायचं, असं माझं सांगणं होतं. ही म्हणायची, जाते गं आई. पोरीच्या जातीचं मी एवढ्यातेवढ्यावर खरं धरत नाही. म्हणून महिन्याच्या महिन्याला खाली फळ्यावर बघून जायची. मला वाचता येत नाही ताई, सकाळच्या वर्गाला यायला कधी जमलं नाही. पण हिची ओळ मला माहीत होती, खालून सातवी. बरोबरची खूण कळते मला. फुली कळते. सगळ्या खुणा असायच्या. मला वाटायचं, चला, शिकतेय पोरगी."

भिंगरीने लिहिणं थांबवलं होतं, पण मान वर केली नव्हती.

"मी रागावेन म्हणून बोलली नाही ती," आई म्हणाली. "आणि आठपर्यंत थांबलं तरच मुकादम दुसऱ्या दिवशी घ्यायचा."

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," ताई म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच..."

"मला कोण सांगणार? मला तो फळाच सांगायचा." आईने चौकटीवरून हात काढला. "तुम्ही वाईट केलं असं नाही म्हणत मी. तुम्ही हिला रविवारी शिकवलं, दवाखान्यात रात्री बसलात. पण एक फुली, ताई. एकच घातली असती ना, तर मी त्याच दिवशी तिचं काम सोडवलं असतं. उपाशी राहिलो असतो. तेवढं येतं आम्हाला."

नाव कमी होऊ नये म्हणून ताईने तीन वर्षं जी फुली टाळली, ती एकीच्या आईपर्यंत पोचायची एकमेव चिठ्ठी होती. माफी मागावी, तर ती कुणाकुणाची आणि कशाकशाची? तिने किल्ल्या उचलल्या.

"चला," भिंगरी म्हणाली आणि वही काखेत धरली. "साहेबांचा माणूस खाली थांबलाय."

तिघी बाहेर पडल्या. ताईने कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. जिन्याखाली फळा तसाच होता, कुणाला तो उतरवायचं सुचलं नव्हतं. वरचा कागद सोल्युशनच्या वाफेने आणि धुळीने पिवळा पडलेला. भिंगरीची आई तिथे थांबली. सवय, दुसरं काय. तिने खालून मोजत सातव्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू या टोकापासून कोऱ्या रकान्यांपर्यंत नेलं. सगळ्या खुणा बरोबरच्या होत्या.